तामिळनाडूचे साडेसात टक्के आपल्याकडे चालतील का? (वैद्यकीय प्रवेश)

खडूफळा (धागाकर्ता)

नीटचा निकाल लागला की इथे दोन प्रकारचे धागे हमखास निघतात. एक, "इतके गुण आहेत, कुठलं कॉलेज मिळेल?" दुसरा, "आरक्षणाने गुणवत्तेचं वाटोळं केलं." पहिल्याला जाणकार उत्तरं देतात, दुसऱ्याला अ‍ॅडमिन टाळं लावतात. मला या दोन्हींपेक्षा वेगळं काही विचारायचंय.

सप्टेंबर २०२० मध्ये तामिळनाडूच्या विधानसभेने एक कायदा केला. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद-सिद्ध, होमिओपॅथीच्या राज्य कोट्यातल्या ७.५ टक्के जागा सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांना. अट दोनच गोष्टींची: सहावी ते बारावी सरकारी शाळेत, आणि नीट पात्र. न्या. कलैयरासन आयोगाने १० टक्के सुचवले होते, सरकार साडेसातवर थांबलं. विधेयक राज्यपालांकडे महिनाभर पडून राहिलं (राज्यपाल कोण, तर आपले नागपूरचे बनवारीलाल पुरोहित). प्रवेशाच्या तारखा डोक्यावर आल्या तेव्हा सरकार घटनेच्या कलम १६२ खाली (राज्य सरकारचा कार्यकारी अधिकार) आदेश काढून मोकळं झालं आणि लगेच राज्यपालांची सहीही आली.

आदल्या वर्षी तामिळनाडूच्या सरकारी शाळांतून राज्य कोट्यात एमबीबीएसला गेलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी होती. कायद्याच्या पहिल्याच वर्षी ती तीनशेच्या वर गेली. नीट तीच, नीटचा पेपर तोच.

इथे काहीजण म्हणतील, मग नीटच रद्द करा ना, तामिळनाडूची तीच तर मागणी आहे. न्या. ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये सांगितलं की नीट आल्यावर ग्रामीण आणि तमिळ माध्यमाची मुलं घटली. ते खरंच आहे. पण त्याआधी तिथे सुवर्णकाळ होता अशातला भाग नाही. १९८४ पासून दोन दशकांहून जास्त काळ राज्याची स्वतःची प्रवेश परीक्षा होती, ती २००७ मध्ये गेली आणि २०१६ पर्यंत नुसत्या बारावीच्या गुणांवर प्रवेश झाले. त्या काळात जागा कोणी नेल्या? नामक्कलच्या निवासी खासगी शाळांनी. अकरावीचा अभ्यासक्रम गुंडाळून दोन वर्षं बारावीच घोटवून घ्यायची. लोक त्यांना 'ब्रॉयलर स्कूल' म्हणायचे. सरकारी शाळेची मुलं तेव्हाही वर्षाला दोन आकड्यांतच. थोडक्यात, मोजपट्टी कुठलीही आणा, तिची तयारी विकणारं दुकान शेजारी उघडतं आणि ज्याच्या खिशात पैसे तो आत जातो.

म्हणून मला तामिळनाडूची युक्ती आवडली. मोजपट्टी बदलायच्या भानगडीत न पडता त्यांनी विचारलं, हे गुण कुठे उभं राहून मिळवलेत?

आता आपल्याकडे. मी अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. आमचा हजेरीपट भरलेला असतो आणि बाकं रिकामी. मुलं क्लासला. जी वर्गात बसतात ती क्लासची फी परवडत नाही म्हणून बसतात. त्यांच्यातही हुशार असतात, नीट पात्रही होतात, पण तिथून सरकारी एमबीबीएसच्या कटऑफपर्यंतचं अंतर पुस्तकातून काही कापलं जात नाही.

तर साडेसात टक्के हवेत का, याला माझं उत्तर हो. पण तामिळनाडूचा मसुदा उचलून 'तामिळनाडू'च्या जागी 'महाराष्ट्र' लिहिलं तर घोळ होईल, कारण आपल्याकडे माध्यमिक सरकारी शाळा आहेतच कुठे? जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते. पुढे मूल जातं ते संस्थेच्या अनुदानित शाळेत. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत काढली, कोल्हापुरात विवेकानंद संस्था उभी राहिली, प्रत्येक जिल्ह्याला अशा दोन-चार संस्था. पगार सरकार देतं, शाळा संस्थेची. तामिळनाडूच्या कायद्यात अनुदानित शाळा बसत नाहीत. तीच व्याख्या आणली तर साताऱ्याच्या डोंगरातून रोज पायपीट करून रयतच्या शाळेत जाणारी मुलगी बाहेर!

आणि अनुदानित घ्यायच्या म्हटलं, तर दादर आणि सदाशिव पेठेतल्या नामवंत शाळाही अनुदानितच.

हे कसं सोडवायचं? जातीवर घसरायचं असेल तर दुसरे धागे आहेत.

चहाटळ

रुमाल टाकून ठेवतो. चौथ्या प्रतिसादात घसरणार, पैज.

नळस्टॉप

धागा नेहमीसारखाच एकतर्फी. माझी मुलगी खासगी शाळेत शिकली, हा तिचा गुन्हा का? आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो, शाळेची फी भरताना दरवर्षी जीव मेटाकुटीला यायचा, क्लासची फी कर्ज काढून भरली. पेपर सगळ्यांना एकच, वेळ एकच, उत्तरपत्रिका मशीन तपासतं. यापेक्षा न्याय्य काय असतं ते सांगा. खुल्या प्रवर्गात आधीच किती जागा उरतात? त्यातून पुन्हा साडेसात टक्के काढणार. सरकारला शाळा सुधारता येत नाहीत म्हणून माझ्या मुलीने तिचे गुण सोडून द्यायचे का?

स्टेथो

नळस्टॉप, तुमची चिडचिड समजते, टोमणा मारत नाही. पण 'पेपर एकच' याच्या पुढे जाऊ या.

नीटमध्ये १८० प्रश्न, बरोबरला ४, चुकलं की १ वजा. म्हणजे एक प्रश्न बरोबर आला की चुकला यात ५ गुणांचा फरक, आणि मधल्या पट्ट्यात ५ गुणांत हजारो क्रमांक बसतात. २०२४ चा निकाल आठवा: सुरुवातीला ६७ जण पहिल्या क्रमांकावर. इतक्या दाटीत ज्याला सरकारी जागा मिळाली आणि ज्याची दोन प्रश्नांनी हुकली, त्यांच्यात डॉक्टर होण्याच्या लायकीचा फरक किती? मी शासकीय महाविद्यालयात शिकवतो. पहिल्या वर्षाला कुणाचे नीटचे किती गुण हे सहा महिन्यांनी मलाच काय, त्यांनाही आठवत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये नील ऑरेलिओ नुनिस खटल्यात न्या. चंद्रचूड आणि न्या. बोपण्णा यांनी हेच कायद्याच्या भाषेत मांडलं. अखिल भारतीय कोट्यातलं (देशभरच्या मुलांसाठी ठेवलेल्या जागांतलं) ओबीसी आरक्षण वैध ठरवताना ते म्हणाले की खुल्या स्पर्धा परीक्षेतली कामगिरी म्हणजेच गुणवत्ता नव्हे. त्या गुणांमागे घरची शिदोरी किती, हे परीक्षा दाखवत नाही. सवड काढून वाचाच, नुसत्या मथळ्यावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट वॉर्डातली. नंदुरबारच्या वरच्या पाड्यांतून बाई येते, तिला पावरी येते, मराठी तुटकं. तिचं पोट केव्हापासून दुखतंय हे काढून घ्यायला पुण्या-मुंबईच्या मुलांना वेळ लागतो आणि तिथलाच इंटर्न असेल तर दोन मिनिटांत कळतं. पावरी बोलणारा इंटर्न नीटचा फॉर्म भरताना त्या भाषेचा एकही गुण मिळवत नाही. बंधपत्राचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) एक वर्ष कसंबसं ढकलून निघून जाणारे आणि तिथेच टिकणारे, हा फरक कुठल्या गावातून आलात याच्याशी बऱ्यापैकी बांधलेला असतो. निदान माझा अनुभव तसा आहे.

पिंपळपान

चहाटळराव, घसरतोय. पैज जिंका.

धागाकर्ते म्हणतात जात इथे नको. सर, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा विषय जातीशिवाय मांडताच येत नाही. पहिल्या घटनादुरुस्तीचा एक उगम मद्रासच्या प्रवेशांत आहे. चंपकम दोराईराजन यांनी मद्रासच्या जातवार जागावाटपाविरुद्ध दाद मागितली, विषय वैद्यकीय प्रवेशाचा, आणि गंमत म्हणजे त्यांनी प्रवेशासाठी अर्जच केलेला नव्हता. १९५१ मध्ये त्या जिंकल्या, त्यातून कलम १५(४) आलं, मागासवर्गांसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारं. म्हणजे आज आपण ज्या कायद्यावर बोलतोय तो त्याच जमिनीत उगवलाय.

माझी भीती स्पष्ट सांगतो. 'शाळा बघा, परिस्थिती बघा' ही भाषा ऐकायला गोड लागते, आणि तिचं पुढचं वाक्य नेहमी 'मग जात कशाला?' असं असतं. २०१९ मध्ये आर्थिक निकषावर १० टक्के आले तेव्हा मर्यादा ठेवली ८ लाख उत्पन्नाची. त्यात महाराष्ट्रातलं कितीतरी सुखवस्तू घर बसतं. म्हणजे 'परिस्थिती' ठरवणारेही आपापली माणसं आत घेतातच. तामिळनाडूत हे चाललं कारण तिथे ६९ टक्के आरक्षण शाबूत ठेवून त्याच्या आत हे साडेसात बसवले. अनुसूचित जातीच्या जागांत सरकारी शाळेची अनुसूचित जातीची मुलं, मागासवर्गाच्या जागांत त्या वर्गाची. हे 'आत' काढून टाकलं तर माझा विरोध आहे, धरून ठेवलंत तर मी पहिला सही करतो. कारण आमच्यातही दुसऱ्या पिढीतल्या क्लास वन अधिकाऱ्याचा मुलगा आणि वीटभट्टीवरच्या बापाची मुलगी एकाच यादीत उभी असतात.

खडूफळा

पिंपळपान, 'आत'च. याबद्दल माझ्या मनात शंका नाही, मूळ लेखात लिहायला हवं होतं खरं. स्त्रिया, दिव्यांग, माजी सैनिकांची मुलं यांच्यासारखंच समांतर आरक्षण.

अड्यार

लग्न होऊन चेन्नईत आले त्याला आता बरीच वर्षं झाली, घरात मराठी-तमिळ खिचडी. कायदा झाला तेव्हा इथेच होते, म्हणून जमिनीवरचं थोडं.

पहिल्या वर्षी मोठा घोटाळा (पैशाचा नव्हे, डोक्याचा) झाला. मुलांची नावं यादीत आली, समुपदेशनाला (म्हणजे जागावाटपाच्या फेरीला) गेली, खासगी कॉलेजातली सरकारी जागा मिळाली, आणि फी ऐकून काहींनी ती सोडून दिली. जागा राखून ठेवली, फीचं काय हे कुणी बघितलंच नव्हतं. ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने जाहीर केलं की या मुलांची फी आम्ही भरू. त्यामुळे महाराष्ट्रात कुणी मागणी करणार असेल तर फी आणि वसतिगृह पहिल्या ओळीत लिहा.

अनुदानित शाळांच्या मुलांना का वगळलं म्हणून इथेही बोंब झालीच. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये कायदा उचलून धरला, पण पाच वर्षांत फेरआढावा घ्या म्हणाले. तोवर २०२१ पासून अभियांत्रिकी वगैरे अभ्यासक्रमांनाही साडेसात लागू झाले होते.

आणि एक, जे कौतुकाच्या लेखांत येत नाही. यादीत येणाऱ्या मुलांत रिपीटर भरपूर. म्हणजे सरकारी शाळेतून बारावी, मग वर्षभर क्लास, मग जागा. ज्या घराला ते एक वर्ष परवडतं, तेच घर पुढे. आमच्या सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या भावाने मुलीसाठी जमिनीचा तुकडा विकला. मुलगी लागली, आता तिसऱ्या वर्षाला आहे. पण विकायला तुकडा होता म्हणून.

मांजराकाठ

लातूरची आहे, नाव आलंच म्हणून बोलते. लातूर पॅटर्न म्हणजे पहिल्यापासून क्लासचा कारखाना असं बाहेरच्यांना वाटतं. सुरुवात कॉलेजातल्या मास्तरांनी केली होती. राजर्षी शाहू महाविद्यालयात जादा तास, सराव परीक्षा, परत-परत प्रश्नपत्रिका सोडवून घेणं, तेही कॉलेजच्याच फीत. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मराठवाड्याची पोरं दिसायला लागली ती त्यामुळं. खासगी क्लास, भाड्याच्या खोल्या, मेस हे सगळं नंतर आलं आणि आता तेच लातूर म्हणून ओळखलं जातं.

खडूफळा सर, प्रदेशावरचं आरक्षण कसं उलटतं याचं आपलं घरचं उदाहरण घ्या की. सत्तर-तीस. विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र, असे तीन भाग. आपल्या भागातल्या मेडिकल कॉलेजांत ७० टक्के जागा आपल्या मुलांना, ३० टक्के राज्यभर. कल्पना मागास भागाचं भलं करायची. झालं काय? मराठवाड्यात कॉलेजं कमी, जागा कमी, आणि लातूर-नांदेडमुळं चांगल्या गुणांची पोरं जास्त. मराठवाड्याचा कटऑफ उर्वरित महाराष्ट्राच्या वर! आमच्या पोरांना जास्त गुण असून घरी बसावं लागायचं, आणि पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत त्यांच्याहून कमी गुणांची तिकडची पोरं. वर्षानुवर्षं बोंबललो तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं, वैद्यकीय शिक्षणमंत्री तेव्हा लातूरचे अमित देशमुख होते. मग विदर्भातून ओरड झाली की आता मराठवाड्याची पोरं आमच्या जागा खाणार. त्यांचंही चुकलं म्हणत नाही, गडचिरोलीच्या पोराला लातूरच्या क्लासमधल्या पोराशी भिडवलं की काय होणार ते दिसतंच. (इंजिनिअरिंगला होम युनिव्हर्सिटीचं सत्तर-तीस अजून आहेच.)

सरकारी शाळेचं म्हणाल तर तुमचं साताऱ्याचं खरं आहे, पण मराठवाड्यात जि. प. च्या प्रशाला आहेत, दहावीपर्यंत, जुन्या. तामिळनाडूचा नियम जसाच्या तसा आला तर मराठवाड्याला थोडा फायदा, पश्चिम महाराष्ट्राला भोपळा. पुन्हा सत्तर-तीसचंच भांडण, नाव वेगळं.

टेक्सासकर

ऑस्टिनहून. १९९६ मध्ये हॉपवूड निकालाने इथल्या सरकारी विद्यापीठांना वंश बघायला बंदी झाली. १९९७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने साधा नियम काढला: प्रत्येक हायस्कूलमधल्या वरच्या १० टक्के मुलांना राज्याच्या कुठल्याही सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. शाळा ह्यूस्टनच्या श्रीमंत उपनगरातली असो की मेक्सिकोच्या सीमेवरची. स्पर्धा फक्त आपल्या शाळेतल्या मुलांशी. इथली यूटी (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) त्यातच भरून जायला लागली म्हणून पुढे मर्यादा घातली, आता ती पाच-सहा टक्क्यांवर आली आहे. इथले मराठी पालक काय करतात? चांगल्या शाळेजवळ घर घेतात आणि मग शाळा फार चांगली आहे, मुलगा दहा टक्क्यांत बसत नाही म्हणून कुरकुरतात.

एक फरक लक्षात घ्या. अमेरिकेत १९७८ च्या 'बाकी' (Bakke) खटल्याच्या निकालापासून वंश बघण्याचं समर्थन 'वर्गात विविधता हवी' असं केलं गेलं, म्हणजे त्यात आधीपासून बसलेल्यांचाही फायदा. अन्यायाची भरपाई हे कारण कोर्टात टिकत नव्हतं. २०२३ मध्ये हार्वर्डच्या खटल्यात तेही संपलं. पण त्याच खटल्यातून बाहेर आलेली गंमत: हार्वर्डच्या गोऱ्या प्रवेशितांपैकी ४० टक्क्यांहून जास्त मुलं खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांच्या ओळखीतली किंवा प्राध्यापकांची मुलं या गटातली. त्या वशिल्याला कोर्टाने हात लावला नाही. आपल्याकडे निदान कारण घटनेत लिहिलेलं आहे.

नळस्टॉप

वशिल्याचं आपल्याकडेही आहे की. खासगी कॉलेजांचा मॅनेजमेंट आणि एनआरआय कोटा. त्यावर या धाग्यात कुणी अवाक्षर काढलं का? कमी गुणांवर पैसे मोजून डॉक्टर होतात, तेव्हा गुणवत्तेची चर्चा कुठे जाते? मला चिडवायला नाही, खरंच विचारतोय. पहिलं ते बंद करा, मग माझ्या मुलीकडे या.

पिंपळपान

नळस्टॉप, +१. हे मनापासून.

कॅपराउंड

दरवर्षी पोरांचे पसंतीक्रम भरून देतो, त्यामुळे तत्त्वज्ञान सोडून नियम सांगतो.

१. समांतर आरक्षण लिहिणं सोपं, राबवणं अवघड. मध्य प्रदेशने २०२३ मध्ये सरकारी शाळेसाठी ५ टक्के ठेवले. खुल्या प्रवर्गातल्या सरकारी-शाळा जागा भरल्याच नाहीत, आणि त्याच वेळी जास्त गुण असलेल्या एससी, एसटी, ओबीसी सरकारी शाळेच्या मुलांना त्या जागांवर घेतलं नाही. उरलेल्या जागा सर्वसाधारण खुल्यात टाकल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने (न्या. गवई, आपले अमरावतीचे, आणि न्या. विश्वनाथन) हे चूक ठरवलं. खुल्या जागा सगळ्यांच्या, गुण असतील तर राखीव प्रवर्गाचा उमेदवारही तिथे बसतो. आपल्याकडे कायदा झाला तर हे वाक्य मसुद्यातच हवं, नाहीतर पहिल्या फेरीपासून उच्च न्यायालय.

२. आपल्याकडे असे छोटे कप्पे आधीच आहेत. डोंगरी भाग, सीमाभागातली ८६५ गावं, अनाथ मुलं. या कप्प्यांचा अनुभव असा की दाखला मिळवून देणारी मंडळी लगेच उगवतात.

३. अकरावी-बारावी निकषात घेऊच नका. सरांनी सांगितलंच, हजेरीपटावर नाव एकीकडे आणि मुलगा कोटा-लातूरला. 'ग्रामीण अनुदानित कॉलेज' असा निकष आला की पुण्याच्या इंटिग्रेटेडवाल्यांचा (कॉलेज आणि क्लास एकत्र विकणाऱ्यांचा) सौदा पुढच्याच जूनमध्ये तालुक्याच्या कॉलेजशी होईल. तामिळनाडूने सहावीपासून धरलं ते उगीच नाही. डॉक्टर करायचं म्हणून सहावीपासून मुलाला झेडपीत घालणारा पैसेवाला विरळा, आणि घातलंच तर त्या शाळेचं भलं होईल.

खडूफळा

कॅपराउंडचा तिसरा मुद्दा आणि मांजराकाठताईंचा शेवटचा, दोन्ही जोडून बघतो.

अकरावी-बारावी गेली. नववी-दहावीही सोडू या, कारण अनुदानित की सरकारी हे भांडण तिथेच आहे. उरली पाचवी ते आठवी, किंवा पहिली ते सातवी. त्या वयात झेडपी, नगरपालिका, महापालिका, आश्रमशाळा यांत जी मुलं आहेत ती जवळजवळ सगळी नाइलाजाने तिथे असतात. साताऱ्याची मुलगी बसते, बीडची बसते, धारावीतली महापालिका शाळेतली बसते. दादरचं अनुदानित आपोआप बाहेर. आश्रमशाळा सरकारी आणि अनुदानित दोन्ही घ्या, तिथे मूल कुठल्या घरातलं हे वेगळं सांगायला लागत नाही.

दुसरा विचार होता आई-वडील पदवीधर नसण्याचा. पूर्वी जेएनयूत मागास जिल्ह्यांना वाढीव गुण होते, त्या धर्तीवर काही. मला तो निकष शाळेपेक्षा नेमका वाटतो, कारण घरात पुस्तक वाचणारं कुणी नसणं हे झेडपीच्या गळक्या छपरापेक्षा जास्त नडतं.

अड्यारताई, फीचा मुद्दा नोंदवला. रिपीटरवर माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्या प्रयत्नाला वेगळं वजन द्यावं असं मनात आलं होतं, पण जिची परीक्षा आजारपणात गेली तिला त्याचा फटका बसेल.

कॅपराउंड

सर, पदवीधर नसल्याचा दाखला कोण देणार? असल्याचा देता येतो. नसल्याचा तहसीलदार प्रतिज्ञापत्रावर देईल, आणि मग महाराष्ट्रातली अर्धी बी.ए. झालेली जनता एका रात्रीत बारावी नापास होईल.

पिंपळपान

आमच्याकडून जात पडताळणीला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मागता, पणजोबांच्या कोतवाल बुकातली नोंद मागता. तेव्हा बरं सगळं सापडतं. वडिलांची पदवी शोधायची वेळ आली की यंत्रणा हतबल?

कॅपराउंड

मुद्दा कबूल. पण ज्या पडताळणीने तुमची पोरं रडकुंडीला येतात तीच आणखी एका गटाच्या मागे लावायची का? शाळेचं तसं नाही. २०१५ पासून 'सरल'वर (शाळांच्या नोंदींची सरकारी ऑनलाइन प्रणाली) प्रत्येक मुलाची शाळा वर्षागणिक नोंदलेली आहे. सीईटी सेलने तिथून थेट उचललं तर दाखला नको, एजंट नको, तहसील नको. जी माहिती सरकारकडे आहे ती पोराला आणायला सांगायचीच नाही.

मांजराकाठ

हे पटलं. मात्र सरलवर ऊसतोड कामगारांच्या पोरांची वर्षं बघा. नोव्हेंबर ते एप्रिल कारखान्यावर, नाव गावच्या शाळेत किंवा गळालेलं. पाचवीत एक वर्ष तुटलं तर 'सलग' शब्दावर बोट ठेवून बाबू बाहेर काढेल. सलग लिहू नका. चारपैकी तीन वर्षं, असं काहीतरी लिहा.

स्टेथो

ताई, उत्तम. आणि प्रवेशानंतरचं एक घाला. पहिल्या सहामाहीत या मुलांची दमछाक इंग्रजीने होते, शरीररचनाशास्त्राने नव्हे. अकरावी-बारावी कागदावर इंग्रजीत झालेली असते, पण वर्गात शिक्षक मराठीतच समजावतात (आणि योग्यच करतात). आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम आहे. एवढं मोठं नको, पण वर्ग सुरू होण्याआधी महिनाभर घेतला तर पहिल्या सत्रातले नापास कमी होतील.

नळस्टॉप

माझा विरोध कायम आहे, पण नियम विचारतो. माझ्या बहिणीची मुलगी, मु. पो. जुन्नरकडे. सातवीपर्यंत झेडपी. आठवीपासून गावात नवीन निघालेली इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा, कारण झेडपीत आठवीचा वर्गच नव्हता. दाजींची दीड एकर जमीन आणि दोन गाई. ती यात बसते का?

खडूफळा

पाचवी ते आठवीपैकी तीन वर्षं झेडपीत झाली, म्हणजे मांजराकाठताईंच्या शब्दांप्रमाणे बसते. पुढची शाळा इंग्रजी असली तरी.

नळस्टॉप

ठीक. मसुदा झाला की इथे टाका, वाचतो. मॅनेजमेंट कोट्याबद्दलही एक कलम घाला.

चहाटळ

पैज जिंकलो, पण धागा बंद झाला नाही. अ‍ॅडमिन झोपलेत का?